मूक साक्षीदाराची मांडणी

घरच्या घरी वस्तूंची छायाचित्रे घ्यायची, तर खिडकीजवळचे मेज, मागे एखादा कागद आणि उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा एवढे पुरते. या मांडणीचा एक जुना नमुना इंग्लंडमधील लॅकॉक ॲबी येथे, विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्या राहत्या घरी सापडतो.

त्यांचा 'द पेन्सिल ऑफ नेचर' हा ग्रंथ १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत निघाला. त्यात २४ छायाचित्रे आहेत. तिसऱ्यात गडद पार्श्वभूमीवर फळ्यांवर मांडलेली चिनी मातीची भांडी, तर चौथ्यात काचेची. ही विभागणी केवळ अभिरुचीतून आलेली नाही. पांढरी चिनी माती संवेदनशील कागदावर लवकर उमटते आणि तोवर काचेचा ठसा जेमतेम उमटू लागलेला असतो. म्हणून दोन्ही एकत्र नीट येत नाहीत, असे टॅल्बट नोंदवतात. कोणती वस्तू कोणाशेजारी बसेल, हे प्रकाश ठरवत होता.

भांडी चोरीस गेलीच, तर हे चित्र न्यायालयात मूक साक्ष देऊ शकेल, असेही ते सुचवतात. पण त्याच ग्रंथातील आठवे चित्र पाहावे. शीर्षकानुसार ते ग्रंथालयातील दृश्य आहे. प्रत्यक्षात आतला उजेड अपुरा असल्याने पुस्तके बाहेर उन्हात मांडली होती, असे अभ्यासक मानतात. पुस्तके खरी, ग्रंथालय रचलेले.

'यथातथ्य चित्रण' हा शब्द आपण कादंबरीच्या समीक्षेत सहज वापरतो. छायाचित्रणाच्या आरंभकाळातच साक्ष आणि रचना अशा एकत्र नांदत असतील, तर तो शब्द वर्गात उच्चारण्यापूर्वी पार्श्वभूमी कोणी लावली, हेही विचारायला हवे.