टेनर सॅक्सोफोनचे धातूचे माउथपीस : श्रेयाचा प्रश्न

ॲडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिस येथे सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. आरंभीचे माउथपीस लाकडी व आतून प्रशस्त असल्याने स्वर मृदू उमटे. विसाव्या शतकात अमेरिकेतील मोठ्या जाझ वाद्यवृंदांत ट्रम्पेट-ट्रॉम्बोनपुढे टेनरला भेदक स्वराची गरज भासली व ऑटो लिंकसारखे धातूचे माउथपीस रूढ झाले. जॉन कोल्ट्रेन यांनीही ते वापरले. तथापि या बदलाचे श्रेय केवळ धातूला देणे युक्त नाही. स्वर ठरतो तो मुख्यतः पोकळीचा आकार, टोकाची फट आणि वेताच्या रीडसमोरील कडांचा वक्र यांवरून. हा वक्र कारागीर कानशीने घासून हाताने साधत आले. वादकांची नावे इतिहासात राहिली. हे हात मात्र बहुतांशी अनामिकच राहिले. जाझच्या इतिहासलेखनाने त्यांची दखल घेणे अगत्याचे आहे.