डेक बद्द वाजतंय

कलिंगड घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो ना, जुन्या बोटीच्या डेकचंही तसंच असतं. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हातात धरायची आणि गुडघ्यांवर रांगत, टकटक करत पुढे सरकायचं. टणटणीत वाजलं की ठीक. एकदम बद्द वाजलं की समजायचं, आतलं लाकूड गेलं.

गेल्या वसंतात मी ऱ्होड आयलंडमधल्या एका बोटयार्डात हा उद्योग करत होतो. बोट माझी नाही, शेजारच्या आजोबांची. (आजोबा आपलं मनातल्या मनात. तोंडावर त्यांना नावानेच हाक मारावी लागते, आणि अजून माझी जीभ अडखळते.) २८ फुटी शिडाची बोट, १९६० च्या दशकातली. त्यांनी ती १९७४ मध्ये घेतली. आजी गेल्यापासून ती ताडपत्रीखाली पडून होती. तपासणीला आलेल्या माणसाने सांगितलं, दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीच्या वर जाईल, तोडून टाका. तोडायलाही पैसे पडतात, ही त्यातली मेख. आजोबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये भेटले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, शनिवार-रविवार मी येतो. मला यातलं काय येतं, हा प्रश्न दोघांनीही शिताफीने टाळला.

आता कुणीही विचारेल तो प्रश्न मीही विचारला. बोट फायबरग्लासची, मग आत लाकूड आलं कुठून?

काचेचे बारीक धागे कारखान्यात काढण्याची युक्ती अमेरिकेत १९३० च्या दशकात जमली. त्याच सुमारास पॉलिएस्टर रेझिन आलं. ओहायोतल्या टोलेडो गावच्या रे ग्रीनने १९४२ मध्ये दोन्ही एकत्र करून एक छोटी शिडाची होडी बनवली. पण खरा धंदा उभा राहिला तो पुढे. जानेवारी १९५९ मध्ये क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन हे चुलत भाऊ न्यूयॉर्कच्या बोटींच्या प्रदर्शनात 'ट्रायटन' घेऊन गेले. कार्ल अल्बर्गने आखलेली, साडेअठ्ठावीस फुटी, किंमत दहा हजार डॉलरच्या आत. तिथल्या तिथे १७ ऑर्डरी मिळाल्या आणि पुढच्या काही वर्षांत सातशेवर ट्रायटन विकल्या गेल्या. कारखाना ब्रिस्टलला, म्हणजे आमच्या यार्डापासून जवळच. मध्यमवर्गीय माणसाने कर्ज काढून शिडाची बोट घ्यावी, ही कल्पना इथे रुजली ती अशा बोटींमुळे.

आणि विकताना मोठं आकर्षण काय? तर ही बोट कुजत नाही!

या वाक्याची किंमत कळायला थोडं मागे जावं लागतं. लाकडी जहाजांचं आयुष्य कुजण्याशी झगडण्यात जायचं. १६८४ मध्ये सॅम्युएल पीप्सने इंग्लंडच्या राजाची नवी जहाजं तपासली, तेव्हा आत मुठीएवढाल्या छत्र्या उगवलेल्या सापडल्या. 'क्वीन शार्लट' ही १०४ तोफांची युद्धनौका १८१० मध्ये पाण्यात उतरली आणि समुद्रावर कामाला जाण्याआधीच कुजलेली निघाली. नेमक्या त्याच काळात आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी मलबारी सागवानाची जहाजं बांधत होती. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेलं, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. तेलकट सागवानापुढे बुरशीची डाळ शिजत नाही. पण सागवान सगळ्यांना कुठून मिळणार?

तर फायबरग्लास कुजत नाही, हे अगदी खरं. अडचण वेगळीच होती. ते मजबूत असलं तरी लवचीक असतं. बोटीच्या पोटाला गोलाई असते, त्यामुळे ताठपणा आपसूक येतो. डेक सपाट. त्यावर माणूस चालला की ते दबतं. जाड करावं तर वजन वाढतं, तेही वरच्या बाजूला, जिथे बोटीला ते मुळीच नको असतं. उपाय म्हणजे सँडविच. वर-खाली फायबरग्लासचे पातळ थर आणि मध्ये काहीतरी हलकं. जाडी दुप्पट केली की ताठपणा साधारण आठपट होतो, त्यामुळे मधला माल हलका असला तरी चालतो. फक्त तो दोन्ही थरांना घट्ट चिकटून राहिला पाहिजे. सगळी गोम इथेच आहे.

हलका माल म्हणजे बाल्सा. इक्वेडोरमध्ये हे झाड पाच-सहा वर्षांत तोडणीला येतं. युद्धात 'मॉस्क्विटो' विमानाचं धड बर्च प्लायवूडच्या दोन थरांत बाल्सा घालूनच केलं होतं. या विमानांचा आपल्याकडचा किस्सा फार कुणाला ठाऊक नाही. ती भारतात तैनात झाल्यावर काहींचे पंख हवेत निकामी झाले, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये इथली मॉस्क्विटो जमिनीवर बसवावी लागली. आधी खापर फुटलं आपल्या पावसाळ्यावर. पुढच्या चौकशीत निघालं, की कारखान्यात चिकटवण्याचं कामच नीट झालं नव्हतं.

असो. आमच्या डेकवर येऊ.

गोल करवतीचं पातं वरच्या थरापुरतं, म्हणजे तीन मिलिमीटर खोल लावलं आणि कापलं. पहारीने वरचा पत्रा उचलला. आत लाकूड नव्हतंच. काळा, ओला, भिजवलेल्या चहापत्तीसारखा लगदा होता आणि वास पावसाळ्यातल्या जुन्या वाड्याच्या माळ्याचा. बाल्साचे तंतू डेकमध्ये उभे ठेवतात, म्हणून पाणी आडवं फार सावकाश सरकतं. पण तुकड्यांमधल्या फटी न भरलेल्या असल्या तर त्याच पाटासारखं काम करतात. त्यात इथली थंडी. आतलं पाणी गोठतं, फुगतं आणि थर सुटे करतं. वरून बारीक भोकं पाडून एपॉक्सी टोचायचा एक झटपट उपाय लोक सांगतात. माझ्या मते तो म्हणजे ओल्या भिंतीवर रंग देणं.

लगदा खरवडत, पाणी कुठून शिरलं ते शोधत आम्ही कडेला पोचलो. तिथे ओळीने भोकं होती, कठड्याच्या जास्तीच्या खांबांची. स्क्रू डेकमधून थेट आरपार गेलेले, आणि आतल्या लाकडाची कड उघडीच. मी म्हटलं, कुणी केलंय हे भिकार काम? आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मी. १९७८ मध्ये. मुलगी दोन वर्षांची होती, डेकवर धावायची. जाळी बांधायला खांब हवे होते. शुक्रवारी रात्री भोकं पाडली, शनिवारी सकाळी निघालो.

यावर मी काय बोलणार? खरवडत राहिलो.

दोन आठवडे पंखा आणि दिवे लावून तळाचा थर वाळवला, घासला. नवा बाल्सा कापून बसवला. एपॉक्सीत सिलिकाची भुकटी घालून श्रीखंडाइतकं दाट केलं आणि फटीनफटी भरल्या. (एकदा भांडंभर एकदम कालवलं. ते तापून धूर सोडायला लागलं, तेव्हा धावत बाहेर नेऊन ठेवावं लागलं. थोडं थोडंच कालवायचं असतं.) वरचा पत्रा परत बसवून पाण्याचे कॅन वजनाला ठेवले. सांधा दोन्हीकडून दीड-दीड इंच उतरता घासून त्यावर काचेच्या कापडाचे थर दिले.

राहिली भोकं. बुजवून टाकू, असं मी सुचवलं. मुलगी आता पन्नाशीला आली, जाळी कशाला हवी? आजोबांनी मान हलवली. खांब परत बसवायचे होते. मग प्रत्येक भोक मोठं केलं, वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतला बाल्सा चौफेर कोरला, पोकळी एपॉक्सीने भरली आणि ती घट्ट झाल्यावर तिच्यातून नवं भोक पाडलं. आता स्क्रूशेजारून पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. एका भोकाला पाऊण तास लागला. बारा भोकं होती. शेवटची चार आजोबांनी स्वतः केली, मला हात लावू दिला नाही.

काल डाव्या बाजूला टकटक करून पाहिली. डोलकाठीपासून मागे हातभर बद्द वाजतंय. पुढच्या शनिवारी करवत न्यायची आहे.