भातुकली आणि लिंगभाव

भातुकली म्हणजे स्वयंपाकघरातील भांडी, उपकरणे व संसारोपयोगी वस्तू यांच्या लहान प्रतिकृतींचा संच, आणि त्या संचाच्या आधारे मुले घर, स्वयंपाक, पाहुणचार व लग्नकार्य यांचे अनुकरण करीत जो खेळ मांडतात तो खेळही. मराठी घरांत हा खेळ दीर्घकाळ मुलींचाच मानला गेल्यामुळे, बालपणीच्या खेळण्यांचा लिंगभावाच्या जडणघडणीशी काय संबंध असतो, हे तपासण्यासाठी भातुकलीइतके बोलके उदाहरण मराठी समाजात दुसरे सापडणे कठीण आहे. लिंगभाव ही संज्ञा येथे शारीरिक लिंगभेदाहून वेगळ्या अर्थाने वापरली आहे. स्त्रीने वा पुरुषाने कोणती कामे करावीत, कशाची आवड धरावी आणि कशाची लाज बाळगावी यांविषयी समाजाने ठरविलेल्या व व्यक्तीने हळूहळू स्वतःच्या मानलेल्या कल्पनांचा समुच्चय, असा तिचा अर्थ आहे.

जुन्या संचांत चूल, जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, खलबत्ता, विळी, पोळपाट-लाटणे, परात, तवा, सांडशी, झारा, ओगराळे, रोवळी, सूप, हंडा, कळशी, घंगाळ आणि पाणी तापविण्याचा बंब अशा वस्तू असत. सुस्थितीतील घरांत त्या तांब्यापितळेच्या असत. कोकणात सावंतवाडीच्या कारागिरांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर लाखेचे रंग चढवून केलेली भांडी प्रसिद्ध होती. आणि जेथे पैसा नव्हता तेथे कुंभाराकडची मातीची बोळकी, नारळाच्या करवंट्या, वडाची पाने व वाळू यांवर तोच संसार तितक्याच तन्मयतेने उभा राहत असे. चुरमुरे, डाळे, शेंगदाणे, गूळ व कैरीच्या फोडी यांचा लुटूपुटूचा स्वयंपाक होई आणि तो खराच खाल्ला जाई. प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या घाटाची व बहुधा तिच्याचप्रमाणे वापरता येणारी असल्यामुळे पीठ मळताना मनगट कसे फिरवावे, सांडशीने भांडे कोठे धरावे, एका डावात किती जणांचे वाढून होते, हे सारे हाताला आपोआप कळत जाई. म्हणून भातुकलीला केवळ करमणुकीचे साधन समजणे अपुरे आहे. ती एका कौशल्यसंचाची पहिली शाळा होती आणि त्या कौशल्याची थोरवी मान्य केल्याशिवाय तिच्यावरील टीकाही न्याय्य होत नाही.

तथापि या खेळात कौशल्यापेक्षा खोलवर रुजतो तो कामांचा व मानाचा क्रम. मुलगे खेळात आले तर ‘बाबा’ होतात, कामावर जातात, बाजार आणून टाकतात आणि परत आल्यावर पाटावर बसतात. मुली रांधतात, वाढतात व मागाहून जेवतात. कोणी आधी जेवायचे, कोणाला वाढायचे, पाहुणा आला की कोणी उठायचे, हे कोणीही शब्दांत शिकवत नाही. घरातील पंगत रोज पाहिलेली मुले ती जशीच्या तशी मांडतात. बाहुला-बाहुलीच्या लग्नात ही शिकवण अधिक स्पष्ट होते. पूर्वी अशी लग्ने घरातील मोठ्या माणसांच्या हौसेने, फराळाचे जेवण करून आणि शेजारच्या मुलींना आमंत्रणे देऊन लावली जात. त्यांत जिच्याकडे बाहुला असे ती वरमाय होऊन मानपान मागे आणि रुसे, तर बाहुलीची आई नमते घेई. वरपक्ष मोठा व वधूपक्ष लहान ही विषमता आठ-नऊ वर्षांच्या मुलींनी अशा रीतीने दोन्ही बाजूंनी अनुभवलेली असे, आणि ती अन्याय म्हणून कळण्याच्या खूप आधी रीत म्हणून पचलेली असे.

हा खेळ प्राचीन आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त लहान वयाच्या मुलीचा स्नेह संपादन करण्याच्या संदर्भात फुले वेचणे व माळा गुंफणे यांबरोबर घर-घर खेळणे, बाहुल्यांचा खेळ आणि अन्न रांधण्याचा खेळ यांचा उल्लेख येतो. ज्या काळात मुलींचे विवाह आठव्या-दहाव्या वर्षी होत, त्या काळात भातुकली व खरी चूल यांत फारसे अंतर नव्हते. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षी झाला, आणि पतीच्या प्रोत्साहनाने शिकू लागल्यावर सासरच्या स्त्रियांचाच रोष त्यांना कसा सोसावा लागला, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने विवाहाचे नव्हे, तर मुलीच्या शरीरसंबंधास संमतीचे किमान वय दहावरून बारावर नेले. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि त्याने मुलींचे विवाहवय किमान चौदा ठरविले. कायदे पूर्णतः पाळले गेले नाहीत, तरी विवाहाचे वय जसजसे वर सरकले तसतशी खेळ व संसार यांमध्ये शाळेची वर्षे आली. भातुकली मात्र ‘पुढे उपयोगी पडेल’ या समर्थनासह मुलींच्याच हाती राहिली.

मुलग्यांच्या बाजूला तिच्या तोडीचा मराठी खेळ शोधायचा झाल्यास तो दिवाळीतील किल्ल्याचा आहे. माती, दगड, विटा व गोणपाट यांचा डोंगर रचणे, त्यावर हळीव वा मोहरी पेरून हिरवळ उगवविणे, बुरूज, तटबंदी व पाण्याचे टाके करणे आणि शेवटी शिवाजी महाराज, मावळे व तोफा यांची मातीची चित्रे मांडणे, हा उद्योग घराबाहेर, अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात चालतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो पाहावा अशी अपेक्षा असते. भातुकली घराच्या आत, पायरीवर किंवा माजघरात मांडली जाते व खेळ संपताच आवरली जाते. एकात रचना, इतिहास व सार्वजनिक कौतुक आहे. दुसऱ्यात सेवा, पुनरावृत्ती व आवराआवर आहे. आज अनेक मुली किल्ले बांधतात आणि त्यांचे कौतुकही होते. भातुकली मांडणाऱ्या मुलग्याच्या वाट्याला तेवढे कौतुक येत नाही. ‘बायकांत पुरुष लांबोडा’ हा टोमणा अशाच मुलग्यांसाठी आहे. ‘अगदी मुलासारखी आहे’ ही मुलीची स्तुती ठरते, तर ‘बायकी’ ही मुलग्याची निंदा ठरते. या असमतोलावरून असे दिसते की समाजाने खेळण्यांची वाटणी करताना त्यांची प्रतवारीही केली आहे आणि मुलींच्या वाट्याचे ते कमी प्रतीचे ठरविले आहे.

खेळण्यांतून लिंगभाव कसा घडतो याच्या उपपत्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडल्या गेल्या. लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की मूल आधी स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखते आणि मग त्या ओळखीला साजेशा वस्तू स्वतःहून शोधते. सँड्रा बेम यांनी १९८१ मध्ये लिंगभाव-आकृतिबंधाची कल्पना मांडली. आकृतिबंध म्हणजे भोवतालची माहिती लावून ठेवण्याची मनातील चौकट. ज्या समाजात प्रत्येक गोष्टीची विभागणी स्त्री-पुरुष अशी होते, तेथील मूल तीच चौकट वापरून रंग, कामे, खेळणी, एवढेच नव्हे तर स्वतःच्या क्षमताही लावू लागते, असे त्यांचे म्हणणे होते. कॅरोल मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याचा एक उद्बोधक पुरावा दिला. अनोळखी पण आकर्षक खेळणे ‘हे दुसऱ्यांचे आहे’, म्हणजे मुलांना मुलींचे किंवा मुलींना मुलांचे, असे सांगितले की त्याविषयीची मुलांची आवड घटते, असे त्यांना आढळले. खेळण्याच्या गुणांपेक्षा त्यावर लावलेली चिठ्ठी प्रबळ ठरते, हे यातून दिसते.

ही चिठ्ठी प्रौढ माणसे फार लवकर लावतात. कॅरोलिन स्मिथ व बार्बरा लॉइड यांच्या १९७८ च्या प्रयोगात ३२ मातांना सुमारे सहा महिन्यांच्या अनोळखी बाळाशी खेळण्यास सांगितले गेले. बाळाला कधी मुलाचे, कधी मुलीचे कपडे घातलेले असत आणि मातांनी त्या कपड्यांना अनुसरून खेळणे निवडण्याकडे कल दाखविला. जुडिथ ब्लेकमोर व रेने सेंटर्स यांनी २००५ मध्ये खेळण्यांचेच गुण तपासले. ठळकपणे मुलींची मानली जाणारी खेळणी रूप, संगोपन व घरकाम यांच्याशी, तर ठळकपणे मुलांची मानली जाणारी खेळणी हिंसा, स्पर्धा व साहस यांच्याशी निगडित होती, आणि बौद्धिक वाढीस सर्वांत पोषक ठरलेली खेळणी या दोन्ही टोकांपासून दूर होती. ऑरोरा शर्मन व आयलीन झुर्ब्रिगेन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लहानशा प्रयोगात चार ते सात वर्षांच्या ३७ मुलींपैकी काहींना पाच मिनिटे बार्बी बाहुली व काहींना बटाट्याच्या आकाराची बाहुली देण्यात आली. बार्बीशी खेळलेल्या मुलींनी मुलग्यांना शक्य असलेल्या व्यवसायांपेक्षा स्वतःला शक्य असलेले व्यवसाय कमी सांगितले. विशेष म्हणजे ती बार्बी डॉक्टरच्या वेशात असली तरी फरक पडला नाही. अर्थात असे प्रयोग काही मिनिटांचा परिणाम मोजतात. वर्षानुवर्षांच्या खेळाचा परिणाम घर, शाळा, सवंगडी व जाहिरात यांच्या प्रभावापासून वेगळा काढणे फार अवघड आहे.

आवडींचा काही भाग जन्मजात असावा, असे मानणारे संशोधनही आहे. जन्मापूर्वी पुंस्त्वद्रव्याचे (अँड्रोजन या संप्रेरकाचे) प्रमाण अधिक असलेल्या मुलींमध्ये वाहने व बांधणीच्या खेळण्यांची ओढ अधिक दिसते, असे शेरी बेरेनबॉम व मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये दाखविले. पुढे जेरिअन अलेक्झांडर व हाइन्स यांनी २००२ मध्ये व्हर्व्हेट जातीच्या माकडांसमोर खेळणी ठेवली, तेव्हा नरांचा संपर्क चेंडू व मोटारीशी, तर माद्यांचा बाहुली व स्वयंपाकाच्या भांड्याशी तुलनेने अधिक आढळला. माकडे स्वयंपाक करीत नाहीत. त्यामुळे भांड्याकडील ओढ ही स्वयंपाकाची जन्मजात आवड असू शकत नाही, आणि तिचे कारण रंग, आकार अशा एखाद्या गुणात शोधावे लागते. जैविक कल मान्य केला तरी तो हालचालीची किंवा वस्तूच्या आकाराची आवड सांगू शकेल. पोळ्या कोणी लाटायच्या हे तो सांगू शकत नाही. भातुकलीची वाटणी निसर्गसिद्ध असल्याचा दावा म्हणूनच टिकत नाही.

घरकाम व लिंगभाव यांची ही गाठ सैल करण्याचा एक महत्त्वाचा मार्ग बालशिक्षणातून आला. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत ‘जीवनव्यवहाराचे’ उपक्रम असतात. पाणी ओतणे, झाडणे, पुसणे, भाजी चिरणे, ताट मांडणे ही कामे लहान आकाराच्या पण खऱ्या साधनांनी सर्व मुले करतात. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला. दादर येथे १९३६ मध्ये शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथील कार्य, असा त्यांचा प्रवास आहे. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, दगड व पाने वापरून त्यांनी बालवाडी गावापर्यंत नेली. मुलगा व मुलगी एकाच रांगेत बसून शेंगा सोलतात तेव्हा ते काम मुलीची तयारी राहत नाही, स्वावलंबन होते. भातुकलीतील कौशल्य कायम ठेवून तिच्यातील उतरंड वगळण्याची ही युक्ती, लिंगभावाच्या प्रश्नाचे नाव न घेता, त्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडली आहे.

आजच्या भातुकलीत जाते व बंब यांची जागा गॅसची शेगडी, मिक्सर व फ्रिज यांनी घेतली आहे आणि पितळेऐवजी प्लॅस्टिक आले आहे. साधने बदलली, पण गुलाबी रंग व खोक्यावरील मुलीचे चित्र यांमुळे मालकी अधिकच जाहीर झाली. पितळेच्या जुन्या तव्याला मुलीचा रंग नव्हता. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये संमत करून १ जानेवारी २०२४ पासून लागू केलेल्या कायद्याने मोठ्या दुकानांना लिंगनिरपेक्ष खेळणी-विभाग ठेवणे बंधनकारक केले. भारतात असा कायदा नाही, पण पाठ्यपुस्तकांत बदलाची चिन्हे दिसतात. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई व वडील दोघेही भाजी निवडत असल्याचे चित्र दिले. प्रत्यक्षात मात्र त्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के व्यक्ती घरातील विनामोबदला कामात भाग घेताना आढळल्या. भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे व पुरुष ९७ मिनिटे ते काम करीत होते. या सर्वेक्षणात सहा वर्षांपासूनची मुलेमुलीही मोजली गेली, म्हणजे भातुकली मांडण्याच्या वयातली मुलेही त्या आकड्यांत आहेत.