युरेनियम : संयुजा आणि परिवार

इ. स. १७८९ मध्ये बर्लिन येथे मार्टिन हाइन्रिख क्लाप्रोट याने पिचब्लेंड या खनिजापासून एक काळा पदार्थ मिळविला, त्यास नवा धातू मानले आणि युरेनस या ग्रहावरून त्याचे नाव ठेविले. वस्तुतः तो धातू नव्हता, ऑक्साइड होते. हा भ्रम दूर होण्यास ५२ वर्षे लागली. १८४१ मध्ये पॅरिसच्या यूजीन पेलिगो याने टेट्राक्लोराइडाचे पोटॅशियमने क्षपण करून खरा धातू अलग केला. कोळशाबरोबर तापवूनही न सुटणारा ऑक्सिजन क्लोरीनच्या सोबतीत नव्हता, म्हणूनच हे साधले. युरेनियमचे क्षपण कोठवर जाईल हे त्याच्या सोबत्यांवरही अवलंबून असते, याचा हा पहिला धडा होय.

विसाव्या शतकात हे सोबती, म्हणजेच लिगंड, हेतुपुरस्सर निवडले जाऊ लागले. १९५६ मध्ये रेनल्ड्स व विल्किन्सन यांनी तीन सायक्लोपेंटाडायेनिल वलये असलेले क्लोराइड सिद्ध केले; १९६८ मध्ये बर्कली येथे युरेनोसीन अवतरले. या दोहोंत युरेनियम +४ अवस्थेत आहे. १९७९ मध्ये अँडरसनने सिलिल-अमाइडाचे तीन विस्तृत समूह योजून +३ अवस्थेचे संयुग मिळविले. अशा समूहांच्या विस्तारामुळे धातूकडे जाण्याची वाट अडते आणि इलेक्ट्रॉन देण्यास उत्सुक असलेली ही अवस्था टिकून राहते.

खरा पेच पुढेच उभा राहिला. २०१३ मध्ये अर्व्हाइन येथील एव्हान्स व सहकाऱ्यांनी सिलिलयुक्त सायक्लोपेंटाडायेनिलाच्या तीन वलयांतील युरेनियम पोटॅशियम-ग्रॅफाइटाने +२ अवस्थेस नेले. २०१४ मध्ये एर्लांगेन येथील मायर व सहकाऱ्यांनी तीन अॅरिलॉक्साइड भुजा एका अॅरीन वलयास जोडलेल्या लिगंडात तीच अवस्था साधली. अंक एकच; परंतु पहिल्यात तीन इलेक्ट्रॉन ५एफ कक्षांत व एक ६डी कक्षेत, तर दुसऱ्यात चारही ५एफ कक्षांत आढळले. पहिल्या रचनेत तीन वलयांच्या क्षेत्रामुळे एक ६डी कक्षा खालच्या ऊर्जेस येते. दुसरीत अॅरीन वलय ५एफ इलेक्ट्रॉनांशी बंध साधून त्यांस आधार देते.

तात्पर्य, ‘+२’ ही संज्ञा इलेक्ट्रॉनांची संख्या सांगते, त्यांचे स्थान सांगत नाही. क्लाप्रोटने संयुगास मूलद्रव्य मानले. आजच्या अभ्यासकाने अंकास संपूर्ण वर्णन मानू नये. धातूचा स्वभाव त्याच्या परिवारासह वाचावा लागतो.