दोन वेतांमधला विसावा : स्पेनच्या मेस्ताची हकीगत

१/ अमेरिकेतील चांदी स्पेनला पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून कॅस्टिलच्या राजांचा खजिना एका गरीब जनावरावर विसंबून होता : मेंढीवर. मेरिनो मेंढीची तलम लोकर बुर्गोसच्या व्यापाऱ्यांमार्फत फ्लँडर्सच्या मागांपर्यंत जाई. मात्र चांगल्या लोकरीसाठी मेंढीला आणि तिच्या कुरणाला विसावा हवा. तो कुणाच्या जमिनीवर मिळवायचा, या प्रश्नावर कॅस्टिलमध्ये शतकानुशतके तंटा चालला.

२/ आधी भूगोल पाहू. उत्तरेकडील लिओन, सोरिया, सेगोव्हिया येथील डोंगर हिवाळ्यात बर्फाखाली जातात. दक्षिणेकडील एस्त्रेमादुरात उन्हाळ्यात गवत करपते. एका ठिकाणी वर्षभर चारा मिळणे अशक्य. म्हणून कळप शरदात दक्षिणेस आणि वसंतात उत्तरेस चालत जात. काही कळपांची एकेरी वाट ५०० किलोमीटरच्या घरात होती.

३/ मेंढीचे वर्ष या वाटेशी जुळवलेले होते. जूनअखेरीस किंवा जुलैत नर मेंढे कळपात सोडले जात. मेंढी साधारण १५० दिवस गाभण असते. त्यामुळे कोकरे जन्मत ती हिवाळ्याच्या सुरुवातीस, दक्षिणेच्या उबदार कुरणांत. वसंतापर्यंत ती चालण्याजोगी होत. मग परतीचा प्रवास आणि वाटेत लोकरीची कातरणी.

४/ कोकरे दुधावरून तुटली की मेंढीचा भाकड काळ सुरू होई. डोंगरावरची थंड हवा, कोवळे गवत आणि सपाट दगडांवर पसरलेले मीठ यांवर ती पुन्हा अंग धरी. रोडावलेली मेंढी वेळेवर फळत नाही आणि फळली तरी तिला दूध कमी येते, हे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते. म्हणून वर्षाकाठी एकच वेत, आणि दोन वेतांमध्ये हा विसावा.

५/ कुरणालाही तेच लागू होते. मेंढी गवत अगदी बुडख्यापर्यंत कुरतडते. पुन्हा फुटायला वेळ मिळाला नाही तर गवताची मुळे खचतात. कळप दक्षिणेत असताना डोंगर मोकळे राहत. कळप डोंगरावर गेले की दक्षिणेचे गवत बी टाकून वाळे आणि शरदाच्या पहिल्या पावसात पुन्हा हिरवे होई.

६/ या व्यवस्थेला राजाश्रय मिळाला तो १२७३ मध्ये. कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघटनेला सनद दिली. कळपांचे मार्ग राखीव झाले. त्यांतील सर्वांत मोठ्या मार्गाची, म्हणजे ‘कान्यादा’ची, रुंदी ९० व्हारा ठरली, आजच्या हिशेबाने सुमारे ७५ मीटर. सोळाव्या शतकाच्या आरंभी मेस्ताच्या मेंढ्यांची संख्या ३० लाखांच्या आसपास होती.

७/ या चोख वेळापत्रकात एक कच्चा दुवा होता. दक्षिणेची हिवाळी कुरणे मेंढपाळांच्या मालकीची नव्हती. ती सरदारांची, गावांची आणि आल्कान्तारासारख्या लष्करी धर्मसंघांची होती. गाभण मेंढ्या शेकडो किलोमीटर चालून आल्यावर ‘यंदा कुरण दुसऱ्याला दिले’ असे ऐकावे लागले, तर त्यांनी विणायचे कुठे?

८/ या भीतीवरचा उपाय १५०१ मध्ये आला. फर्नांदो आणि इसाबेल यांच्या राजवटीने ‘पोसेसिओन’ म्हणजे ताब्याचा हक्क मान्य केला. मेस्ताच्या सदस्याने एखादे कुरण वापरले आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही, तर ते कुरण ठरलेल्या भाड्यातच त्याच्याकडे राही. मेंढीच्या विसाव्याची हमी मिळाली. पण तिची किंमत जमीनमालकाने मोजली.

९/ त्याच शतकात लोकसंख्या वाढत होती आणि गावांना गव्हासाठी जमीन हवी होती. नांगर आणि कळप समोरासमोर आले. १६३३ च्या फर्मानाने तर अलीकडच्या दशकांत नांगरलेली कुरणे पुन्हा चराईखाली आणण्याचा आदेश दिला. मेंढीच्या विसाव्यासाठी आता शेतालाही सक्तीने पडीक राहावे लागणार होते.

१०/ स्पेनच्या शेतीची अधोगती मेस्तामुळेच झाली, असे मत दीर्घकाळ रूढ होते. ज्युलियस क्लाइन यांच्या १९२० च्या ग्रंथाने त्याला बळ दिले. पुढच्या संशोधकांनी मात्र दोन गोष्टींकडे लक्ष वेधले. यातील बरीचशी जमीन हलकी आणि कमी पावसाची होती. शिवाय कॅस्टिलमधील बहुसंख्य मेंढ्या स्थलांतर करतच नव्हत्या. सारा दोष एका संघटनेच्या माथी मारणे सोपे आहे, पुराव्याला ते पुरेसे धरून नाही.

११/ आपल्याकडील धनगरांचे वाडे पाहिले की फरक लक्षात येतो. दिवाळीनंतर माणदेशासारख्या कोरड्या भागातून निघालेल्या मेंढ्या शेतकरी स्वतः बोलावून रानात बसवतो, कारण त्याला लेंडीखत हवे असते. मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. येथे मेंढीचा मुक्काम दोघांच्या गरजेवर उभा आहे. कॅस्टिलमध्येही मेंढ्यांचे खत जमिनीला मिळतच होते. पण १५०१ नंतर मालकाच्या होकाराला फारशी किंमत उरली नाही.

१२/ म्हणूनच राजाश्रय सरताच व्यवस्था ढासळली. १७८६ मध्ये ताब्याचा हक्क रद्द झाला, १७९५ मध्ये होवेयानोस यांनी शेतीविषयक अहवालात मेस्तावर कठोर टीका केली आणि १८३६ मध्ये संघटनाच संपुष्टात आली. तोवर मेरिनो सॅक्सनी, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात पोहोचली होती.

१३/ वाटा मात्र टिकल्या. १९९५ च्या कायद्याने स्पेनने त्यांना सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षण दिले. आजही शरदात माद्रिदच्या भर रस्त्यांतून मेंढ्यांचा कळप जातो आणि मेंढपाळ १४१८ च्या करारानुसार नगरपालिकेला मारावेदी या जुन्या नाण्यांत नाममात्र शुल्क भरतात. नुसत्या मार्गांवर मेंढी जगत नाही, हे त्या मेंढपाळांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. आपल्या गावाचे गायरान किंवा कुरण कधी आणि कुणासाठी राखले गेले, याची नोंद जुन्या दप्तरांत जरूर शोधा.