सीटी तीव्रता गुणांक

सीटी तीव्रता गुणांक (प्रचलित नाव : एचआरसीटी स्कोअर) हा छातीच्या सीटी स्कॅनवरून फुप्फुसांचा किती भाग रोगाने व्यापला आहे हे दर्शविणारा अंक आहे. कोविड-१९ च्या साथीत तो महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला. हा अंक रोगाचा विस्तार सांगतो. रोग कोणता आहे हे तो सांगत नाही.

गणनपद्धती

उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन असे एकूण पाच खंड असतात. प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित आहे हे क्ष-किरणतज्ज्ञ नजरेने अजमावतो व त्यास ० ते ५ गुण देतो. खंड पूर्णपणे निरोगी असल्यास शून्य, तीन चतुर्थांशाहून अधिक बाधित असल्यास पाच. बेरीज २५ पैकी मांडली जाते. शाळेतील गुणांच्या सवयीमुळे अनेकांचा प्रारंभी गोंधळ उडे, कारण येथे गुण जितके अधिक तितकी प्रकृती चिंताजनक. सौम्य, मध्यम व तीव्र यांच्या सीमा सर्वत्र एकसारख्या नाहीत. मोजणी नजरेची असल्याने एकाच स्कॅनला दोन तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांत थोडा फरक पडू शकतो.

प्रतिमेतील खुणा

निरोगी फुप्फुसात हवा असल्याने ते प्रतिमेत काळे दिसते. वायुकोशांत द्रव किंवा दाह शिरला की तो भाग पांढुरका होतो. त्यातून रक्तवाहिन्या दिसत राहिल्या तर त्यास दुधी काचेसारखी धूसरता म्हणतात. त्या झाकल्या गेल्या तर घनीभवन. कोविडमध्ये ही धूसरता बहुधा दोन्ही बाजूंना, फुप्फुसांच्या कडेला आणि खालच्या खंडांत आढळते. मात्र अशीच धूसरता इतर विषाणुजन्य न्यूमोनियांत, हृदय निकामी होऊन फुप्फुसांत पाणी साचल्यास, रक्तस्राव झाल्यास किंवा काही औषधांच्या दुष्परिणामानेही दिसते. म्हणून ताप केव्हा आला, धाप लागते का, हृदयविकार आहे का, या माहितीवाचून केलेले प्रतिमेचे वाचन अपुरे राहते.

वऱ्हाडातील अनुभव

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात प्रथम वऱ्हाडात ठळकपणे लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर व अचलपूर येथे टाळेबंदी लागू झाली आणि अकोला जिल्ह्यातही निर्बंध आले. अकोल्यात मोर्णाकाठच्या जुन्या शहरापासून नव्या वसाहतींपर्यंत ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न त्या काळात प्रकृतीच्या चौकशीचाच भाग बनला. या तपासणीसाठी मनमानी आकारणी होऊ नये म्हणून राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्येच यंत्राच्या क्षमतेनुसार कमाल दर ठरवून दिले होते.

या लोकप्रियतेचा तोटाही होता. लक्षणांच्या पहिल्या एक-दोन दिवसांत स्कॅन बहुधा निर्दोष येतो. फुप्फुसांतील बदल साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक होतात. लवकर काढलेल्या स्कॅनचा शून्य गुणांक त्यामुळे खोटा दिलासा देऊ शकतो. उलट गुणांक बारा असूनही रक्तातील प्राणवायू उत्तम असलेले रुग्ण असतात. रुग्णालयात दाखल करण्याचा निर्णय प्रामुख्याने बोटावरील ऑक्सिमीटरचे आकडे, श्वसनाचा वेग आणि वय व सहव्याधी यांवर अवलंबून असतो. हे साधे यंत्र पुष्कळदा सीटीहून अधिक उपयोगी पडे.

मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी अनावश्यक सीटीविरुद्ध इशारा देताना एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्स-रे, असे सांगितले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने ही तुलना कालबाह्य ठरवली. नेहमीच्या छातीच्या सीटीतील किरणोत्सर्ग सुमारे ६ ते ७ मिलिसिव्हर्ट, तर एका एक्स-रेचा ०.१ मिलिसिव्हर्ट धरला जातो. कमी मात्रेच्या सीटीत तो बराच घटतो. आकड्यांचा वाद बाजूला ठेवला तरी सौम्य लक्षणांत पुनःपुन्हा सीटी काढू नये, हा इशारा योग्यच होता.

क्षयरोगाशी गल्लत

भारतात फुप्फुसाच्या वरच्या खंडातील डाग किंवा पोकळी दिसली की क्षयाचा विचार प्रथम येतो. परंतु बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण आयुष्यभर राहतात. जुन्या चित्राशी तुलना केल्यास डाग वाढला की स्थिर आहे हे कळते; म्हणून जुने एक्स-रे जपून ठेवणे व तपासणीस जाताना सोबत नेणे महत्त्वाचे असते. रोग सक्रिय आहे की नाही याचा निर्णय थुंकीच्या तपासणीने होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयचाळणीसाठी संगणकाद्वारे एक्स-रे वाचनाची शिफारस केली; तेथेही संगणकाने संशयित ठरवलेल्या व्यक्तीच्या थुंकीची तपासणी करावीच लागते.