आडनावात उरलेली कचेरी

सबनीस म्हणजे कोण, हे आज सबनिसांच्या घरातही क्वचितच सांगता येते. शिवकाळात गडावर हवालदार आणि सरनोबत यांच्या जोडीला सबनीस असे. हजेरी आणि हिशेब त्याच्याकडे. ते पद गेले, आडनाव राहिले. इंग्लंडातही असेच झाले. तिथल्या मध्ययुगीन न्यायालयांचे कागद लॅटिनमध्ये असत, पण माणसांची ओळख लिहिताना कारकुनाच्या लेखणीतून इंग्रजी उतरे. ‘वेब्स्टर’ म्हणजे विणकर. तो शब्द व्यवहारातून गेला, आडनावात टिकला.

आपल्याकडे अशा कागदाचा मासला म्हणजे महजर. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याचा महजर होई. ‘हजर’ आणि ‘महजर’ एकाच अरबी धातूचे, आणि कागदात ‘हाजीर मजालस’ म्हणून जमलेल्यांची यादी असे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड इथे नांदगावात बसून चाळताना मी निवाड्यांपेक्षा या याद्यांतच अधिक रमलो. अमुक बिन तमुक, आणि पुढे पाटील, कुलकर्णी, सुतार, चांभार, महार. हे आजच्या अर्थाने आडनाव नव्हे. हा माणूस कोणत्या नात्याने सभेत बसला आहे, त्याची ती नोंद.

दरबारी पदे मात्र फारसी घडणीची. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा, चिटणीस पत्रे लिहिणारा, पोतनीस खजिन्याचा हिशेब ठेवणारा. शिवाजीमहाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. त्यात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत. पण मुजुमदार आणि डबीर ही आडनावे आजही घरांच्या पाट्यांवर आहेत. दरबारातून उठवलेला शब्द उंबऱ्याच्या आत सुखाने नांदला.

महजराच्या शेवटी साक्षी येतात. पाटलाची निशाणी नांगर. कारागिरांपुढे त्यांच्या हत्याराची खूण. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने आपले काम काढून दाखवले, आणि सभेने ती सही मानली.

याचे फार गोडवे गाऊ नयेत. ज्या वतनाने सुताराला साक्षीचा मान दिला, त्याच वतनाने त्याच्या नातवालाही वाकस धरायला लावले. महाराच्या वाट्याला तर मानापेक्षा वेठच अधिक आली. पुढे कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. आडनावे उरली.

आजही नवा माणूस भेटला की आपण विचारतो, “आडनाव काय?” प्रश्नामागचा हेतू विचारणारा जाणतो, उत्तर देणाराही जाणतो. महजरातल्या यादीचा प्रश्न निदान एवढा तरी वेगळा होता: हजर कोण आहे, आणि कोणत्या हक्काने बोलतो आहे?